चंदनाक्काचा आड

शुक्रवार पेठेत चंदनाक्का मगदूमच्या दारावरून जाताना लोक आवाज खाली करायचे. दारात कुणी चप्पल वाकडी काढली तरी ती बोलायची, कुणी न काढता आत आला तर विचारूच नका. एकदा तोंड सुटलं की समोर पावणा असो नाहीतर देवळातला उपाध्ये, त्याची धडगत नसे. नवरा जिनपाल हसून सगळं सहन करायचा. तो गेल्यावर मागं राहिले मुलगा अभिनंदन आणि सून रुचिता, आणि सगळा मारा त्या दोघांवर सुरू झाला.

या बाईची एकच मऊ जागा होती, परसातला आड. रोज पहाटे आंघोळ करून ती पाणी शेंदायची आणि दुहेरी जाड फडक्यातून गाळायची. फडक्यावर राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून फडकं उलटं करून, गाळल्या पाण्यानंच खळबळून, ते पाणी एका भांड्यात घ्यायची. त्याला जिवाणी म्हणतात. ज्या आडातलं पाणी, त्याच आडात जिवाणी परत सोडायची, तीही वरून ओतायची नाही. बुडाला कडी असलेली छोटी बादली पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि हलकासा झटका देऊन उलटी करायची. पेठेला उभी-आडवी झोडपणारी ही बाई त्या किड्यांसाठी कठड्यावर वाकून श्वास रोखून उभी राहायची. माणसांच्या वाट्याला एवढी माया कधी आली नाही.

यामागं तिची एक आस होती. दिगंबर जैन मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत, आणि त्याला विहिरीचं गाळलेलं पाणीच लागतं. कुणाच्या दारात थांबायचं याची खूण ते मनाशी ठरवून निघतात, ती बाहेर कुणालाच ठाऊक नसते. पेठेत मुनींचा संघ आला की चंदनाक्का कलश घेऊन दारात उभी राहायची आणि मुनी पुढं जायचे. शेजारच्या चौगुल्यांकडं दोनदा थांबले. तिच्याकडं लग्न होऊन आल्यापासून एकदाही नाही. आपल्या हातून एकदा तरी आहार घडावा, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी ती रोज पाणी तयार ठेवायची.

अभिनंदनचं शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप होतं. दिवाळीत ते बंद झालं की त्याच्या हाताला खाज सुटायची आणि घराच्या नशिबी तोडफोड यायची. एका दिवाळीत त्यानं स्वयंपाकघराचा ओटा फोडला, तो संक्रांतीपर्यंत फोडलेलाच राहिला. दुसऱ्या वर्षी देवघर हलवलं आणि चंदनाक्का महिनाभर जुन्या कोपऱ्यातल्या रिकाम्या भिंतीपुढं बसून जप करत राहिली, मुद्दाम, त्याला दिसेल अशी. यंदा त्यानं मोठी गाडी घेतली होती. ती रस्त्यावर उभी राहायची आणि पोरं तिच्यावर रेघोट्या मारायची. परसात गाडी मावायला एकच अडचण होती.

आड बुजवायचा नाही, नुसता वर झाकण टाकून कोबा करायचा, असं तो म्हणाला. पाणी देवळाच्या विहिरीवरून आणता येतं, असं रुचितानं सांगितलं. रुचिता शाळेत मास्तरीण होती, तिला समजावून सांगायची सवय. चंदनाक्का म्हणाली की मी मेल्यावर माझ्यावर कोबा करा आणि मग गाडी लावा. विषय तिथंच संपला, असं तिला वाटलं. चार दिवसांनी शॉपमधून जाड लोखंडी पत्रा आला, तो गाडीच्या शेडचा आहे असं अभिनंदननं तोंड वर करून सांगितलं, आणि या एवढ्या संशयी बाईनं ते खरं मानलं.

दिवाळीच्या अमावास्येला, महावीर निर्वाणाच्या पहाटे, देवळात लाडू चढवायचा असतो. चंदनाक्काला उशीर झाला होता. पाणी गाळून झालं होतं, पण जिवाणी सोडायला थांबली असती तर लाडू हुकला असता. तिनं भांडं आडाच्या कठड्यावर झाकून ठेवलं. आल्यावर सोडू म्हणाली आणि गेली. असं तिनं कधीच केलं नव्हतं.

पूजा आटोपून दुपारी परत आली तेव्हा कठडा नव्हता. सणाच्या दिवशी दोन गवंडी कुठून पैदा केले होते कोण जाणे, पण पत्रा बसला होता आणि वरचा ओला कोबा ते सारखा करत होते. भांडं नळाजवळ पडलं होतं. त्यातल्या पाण्यानं एकानं थापी धुतली होती. त्या बिचाऱ्याला काय माहीत?

‘‘खून केलास तू,’’ ती अभिनंदनला म्हणाली. ‘‘दिवाळीच्या दिवशी, माझ्या घरात.’’

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. ओरडणारी चंदनाक्का परवडली, ही न बोलणारी फार वाईट होती. रोज उन्हं आली की ती नव्या कोब्यावर मधोमध खाट टाकायची आणि गहू वाळत घालायची. गहू संपले की तांदूळ, तांदूळ संपले की गाद्या. गाडी रस्त्यावरच राहिली. अभिनंदननं चिडून तिची कपड्यांची दोरी काढून टाकली, तर तिनं ओली लुगडी गाडीवर पसरली. रुचितानं एकदा तिच्या तोंडावर सांगितलं की तुमच्यासारखी सासू वैऱ्यालासुद्धा मिळू नये. चंदनाक्कानं ऐकून घेतलं आणि कळशी उचलून देवळाच्या विहिरीकडं निघाली. नळाचं पाणी तिनं शिवलं नाही. थंडी पडली, गुडघे धरले, तरी कळशी कुणाच्या हाती दिली नाही.

नाताळच्या सुट्टीत संघ आला. अभिनंदनलाच आता मोठा उत्साह. घराला रंग झाला होता, दारात नव्या फरशा होत्या, मुनींनी यावं असं त्यालाही वाटत होतं. पहाटे उठून, ओलेत्यानं जाऊन, त्यानं स्वतः देवळाच्या विहिरीचं पाणी आणलं. चंदनाक्कानं ते निमूट गाळून घेतलं आणि जिवाणी वेगळी ठेवली. रुचिता न खाता-पिता चुलीपुढं राबली. तिघंही शुद्ध वस्त्रं नेसून दारात उभे राहिले. एकमेकांकडं कुणी बघत नव्हतं.

मुनी आले, आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, नजर जमिनीवर. चंदनाक्कानं नेहमीसारखं म्हटलं, ‘‘हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ.’’ आणि मुनी थांबले.

रुचिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिघांनी प्रदक्षिणा घातल्या. शेजारी चौगुल्यांचं सगळं घर बघत होतं. आता फक्त मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध आहे एवढं सांगायचं आणि घरात यायची विनंती करायची. ते सांगितल्याशिवाय मुनी उंबरा ओलांडत नाहीत. हे शब्द चंदनाक्काला झोपेतही पाठ होते.

तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर बाजूला गेली. गाडी आत न्यायच्या वाटेतून परसाचा कोबा दिसत होता, आणि हात जोडून उभा असलेला अभिनंदनही. दिवाळीपासून साठवलेला सगळा द्वेष तिच्या छातीत उसळून आला. आत्ता तरी तो द्वेष मनातून जावा म्हणून तिनं डोळे मिटले. तो गेला नाही.

‘‘महाराज,’’ ती म्हणाली, ‘‘आहार-पाणी शुद्ध हाय. मन शुद्ध न्हाय.’’

मुनींनी एकदा तिच्याकडं बघितलं. मग ते शांतपणे वळले, पुढं गेले आणि चौगुल्यांच्या दारात थांबले.

रुचितानं हातातला कलश खाली ठेवला. मग अभिनंदन म्हणाला, ‘‘सगळा जन्म वाट बघितलीस की गं आई. एक शब्द म्हणायचा हुता.’’

‘‘त्यांच्याम्होरं खोटं बोलू? तुझ्यापायी?’’ दिवाळीनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ते हे.

तिनं जिवाणीचं भांडं उचललं, कडीची बादली घेतली आणि देवळाकडं निघाली. अभिनंदननं गाडीची किल्ली काढून ‘बस, सोडतो’ म्हटलं. तिनं वळूनही बघितलं नाही. ती गुडघा धरत, भांडं सांभाळत पुढं आणि गाडी हॉर्न न वाजवता हळूहळू मागं, अशी वरात सगळ्या पेठेनं बघितली.

विहिरीवर ती वाकली. बादली पाण्याला टेकली, तिनं झटका दिला आणि जिवाणी सुटली. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. तिला स्वतःचाच राग आला, पोराच्या रागाहून मोठा. इतकी वर्षं पाणी गाळलं आणि त्या पाण्याचा मान असा दारातून घालवला.

अभिनंदन मागं येऊन उभा राहिला होता. ‘‘लोखंडी पत्राच हाय त्यो,’’ तो म्हणाला. ‘‘कोबा फोडून उद्या कापून काढतो.’’

‘‘आता कशाला?’’ चंदनाक्का म्हणाली. ‘‘थांबायचे ते थांबून गेले.’’

तिनं डोळे पुसले, दोर गुंडाळला, ओली बादली त्याच्या हातात दिली आणि चालतच घरी निघाली.