वासराला कोण मध चाटवतं?

आमच्या नौपाड्यातल्या प्रसूतिगृहात नवजात बाळांच्या कक्षासाठी परिचारिकेची एकच जागा निघाली होती. मुलाखतींना डॉक्टर आणि मेट्रनबाईंबरोबर मी हिशेब विभागाचा म्हणून बसतो. निवड झालेल्या मुलीला पगार सांगणे एवढेच माझे काम, त्यामुळे ऐकायला भरपूर सवड मिळते.

मानपाड्याची दक्षता सगळ्यात शेवटी आत आली. नुकतीच बी.एस्सी. नर्सिंग झालेली. तिला बाळ-बाळंतिणींचेच काम हवे होते, पण जाईल तिथे ‘अनुभव नाही’ म्हणून परत पाठवत. वागळे इस्टेटमधला एक कारखाना प्रथमोपचाराच्या खोलीत नोकरी द्यायला तयार होता. त्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते.

“इथे नाही झालं तर तिकडे हो म्हणणार आहे, सर,” तिने सरळ सांगितले. “घरी बसून चालणार नाही.”

“मार्क सगळ्यांचेच चांगले आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुलाच का घ्यावं?”

ती जरा घुटमळली. “माझी आई घरोघरी जाऊन बाळांना मालिश करते, न्हाऊ घालते. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. मैत्रिणी म्हणाल्या, हे सांगू नकोस, मालिशवाली समजतील. आजवर कुठे बोलले नाही. आज सांगतेय.”

“मालिश वेगळी, नर्सिंग वेगळं.”

“वेगळंच आहे, सर. बाळाचं कॉलेजात शिकले. बाळाच्या आजीशी कसं बोलायचं, ते आईबरोबर शिकले.”

मेट्रनबाई हसल्या. “आजीच हवी ना तुला? चल, वर एक बसलीय.”

आम्हीही मागोमाग गेलो. वर ऐश्वर्या नावाची पहिलटकरीण होती. पहाटे मुलगा झालेला. तिच्या सासूबाई दगडाबाई साताऱ्याकडच्या. एका हातात मधाची बाटली, दुसऱ्यात सोन्याची अंगठी. बाळाच्या जिभेला पहिला मधच लागला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. वॉर्डातल्या नर्सने आणि दक्षताच्या आधी वर नेलेल्या रसिका नावाच्या उमेदवाराने जंतुसंसर्ग वगैरे नीट समजावून सांगितले होते. त्यावर दगडाबाईंचे उत्तर तयार होते, “माझी चारी पोरं मधावरच वाढली. थोरला फौजदार हाय!” बाळ भुकेने रडत होते आणि ऐश्वर्या रडायच्या बेतात होती.

दक्षताने हात धुतले आणि दगडाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. मधाचे नावही काढले नाही.

“आजी, गावाकडे गाय आहे?”

“दोन हायत. का गं?”

“व्याली की वासराला आधी काय देता?”

“चीक. दुसरं काय देणार?”

“आणि कोणी मध घेऊन आलं तर?”

“वासराला कोण मध चाटवतं? येडी का खुळी तू!” दगडाबाई बोलल्या आणि थांबल्या. त्यांनी सुनेकडे पाहिले.

“आईचं पहिलं दूध म्हणजे चीकच, आजी. वर्षाच्या आत बाळाला मध सोसत नाही. पहिल्या वाढदिवसाला तुम्हीच चाटवा, याच अंगठीने.”

“वरीसभर थांबू?”

“नऊ महिने थांबलात की!”

अख्खा वॉर्ड हसला. “लई तोंडाळ पोर हाय,” म्हणत दगडाबाईंनी बाटलीचे झाकण लावले. दक्षताने तळवे चोळून उबदार केले, ऐश्वर्याच्या पाठीशी उशी दिली आणि बाळ तिच्या पोटाशी आडवे धरले. थोड्या खटपटीनंतर रडणे थांबले. बाळ चुटूचुटू पिऊ लागले. “लागलं गं, लागलं!” सगळ्यात आधी ओरडल्या त्या दगडाबाईच.

खाली आल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, “हिला पगार सांगा.”

बाहेर पडताच तिने कारखान्याला फोन करून नकार कळवला. मग दुसरा फोन. सगळ्या स्वागतकक्षाला ऐकू जाईल असा तिचा आवाज होता, “आई, तुझं काम सांगितलं गं! बाळांचंच मिळालं!”

परवा दगडाबाई नातवाला कडेवर घेऊन दारात हजर. “कुठाय ती तोंडाळ पोर? झालं वरीस!”

दक्षता नव्या मुलींना बाळाला दुपट्यात गुंडाळायला शिकवत होती. ती हसत पुढे आली. “या आजी. पण आधी अंगठी धुऊ या.”

“धुऊनच आणलीय, बाई!”