पौषात जन्मलेली तनू

मी माहेर सोडलं तेव्हा पौष चालू होता आणि तनू पोटात होती. पहिलं बाळंतपण खरं तर तिथंच व्हायचं. पण पाय सुजले, रक्तदाब चढला, आणि तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात न्या. नवरा सुरतेत कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात होता, तो घ्यायला आला. एसटीच्या खिडकीखाली उभी राहून माय म्हणत होती, "पूस महिनामा घर सोडू नको, पोरी." गाडी हलली तरी तिचे ओठ हलतच होते.

पौष सरायच्या आत सुरतेत तनू झाली.

नवागामात आमची खोली लूमच्या वरती. तीन वर्षांची झाली तरी तनू बोलेना, हाकेला बघेना. लूम सुरू झाले की कान दाबून कोपऱ्यात बसायची. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. फोनवर माय म्हणाली, "मी सांगेल व्हतं तुले."

त्यातच शेजारच्या भाभीनं मोबाइलवर बातमी दाखवली: थंडीत जन्मलेल्या मुलांना हा धोका जास्त. गावची समजूत आणि मोबाइल दोघंही पौषालाच दोष द्यायला लागले, तर मी खोटं कोणाला म्हणू? स्वयंपाक करता करता रडायचे.

पुढं माय सुरतेला आली. तिला घेऊनच तनूच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. मायनं थेट विचारलं, "पौषामुळं झालं का हिला?"

मॅडम हिंदी-गुजराती मिसळून समजावत होत्या. जन्माच्या महिन्याचा थोडा फरक कुठं दिसतो, कुठं दिसतही नाही; पण या पोरीला महिन्यामुळं झालं, असं कोणीच सांगू शकत नाही. मग माझे बाळंतपणाचे जुने कागद बघून मायला म्हणाल्या, "माँजी, ही तेव्हा गावातच थांबली असती ना, तर कदाचित ही आणि पोरगी दोघीही वाचल्या नसत्या."

परतताना रिक्षात मायनं माझा हात पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत सोडला नाही.

नंतर आम्ही नवागाम सोडलं. डिंडोलीकडं, लूमपासून लांब, एका शांत गल्लीत खोली घेतली. नवऱ्याला सायकल दामटत यावं लागतं, पण तनू आता दुपारी झोपते. "पाणी" म्हणते. कधी कधी "आवजो" पण म्हणते, गुजरातीत 'पुन्हा या', तेही दार लावून झाल्यावर.

गेल्या उन्हाळ्यात भावाच्या लग्नाला गावी गेलो. मांडवात एक काकू तनूकडं बघत म्हणाली, "कोणता महिन्यानी शे व ही?" मी मान खाली घातली. तेवढ्यात माय मागून आली. "महिना कसाले इचारतस? पोरनं नाव इचारा ना."

आता मला कोणी विचारलं, घर कुठं, तर मी गावाचं नाव सांगते, डिंडोलीचंही सांगते. पण मनातून वाटतं, माझ्या लेकीकडं बघून ज्यांना आधी तिचं नाव आठवतं, त्यांच्यात मी घरी असते. ती माणसं दोन्हीकडं आहेत. थोडी आहेत, पण आहेत.