अर्जातली पोर

मला राग पटकन येतो आणि आला की हात आधी उठतो, तोंड नंतर उघडतं. हे माझ्या बापाकडून आलंय. तो चाकणच्या बाजूचा, स्वतःच्या बैलगाडीने कांदा-बटाटा बाजारात आणायचा. बैलांना त्याने कधी चाबूक लावलेला मला आठवत नाही. चढावर गाडी अडली तर खाली उतरून स्वतः खांदा द्यायचा. आईला मात्र कालवणात मीठ कमी पडलं म्हणून मारायचा आणि जास्त पडलं तरी मारायचा. एकदा त्याने तिचं डोकं जात्याच्या खुंट्यावर आपटलं. ती रक्ताने माखलेली तशीच उठली, मला पाठुंगळी घेतलं आणि चालत दापोडीला मामाच्या खोलीवर आली. मी चार वर्षांची होते. तिच्या मानेवरून ओघळलेलं रक्त माझ्या झबल्याला लागून वाळलं होतं, ते मामीने भिजवून काढलं.

पुढे जातीच्या पंचांनी काडीमोड केली. म्हणजे पाच माणसांसमोर बापाने गवताची एक काडी मोडून टाकली आणि संसार मोडला. माझं काय करायचं हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. पोरगी, तीही एवढीशी, तिची काय वाटणी करणार.

दोन वर्षांनी आईचा पाट लागला. आमच्यात बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. नवरा वर्कशॉपात फिटर, बायको मेलेली, मूलबाळ नाही. मी त्यांना तात्या म्हणायची. पाट लागला तेव्हा त्यांनी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि जमलेल्यांना सांगितलं, "आजपासून ही माझी." आमच्या माणसांत एवढं पुरे होतं. बोललेला शब्द लिहून ठेवायची पद्धत नव्हती, आणि तात्यांसारख्या माणसाला तर ती सुचलीही नसती.

मी नऊ-दहा वर्षांची असताना तात्यांना आफ्रिकेत जायची संधी आली. पन्नास साल उलटून गेलं होतं. पिंपरीच्या माळावर निर्वासितांची वस्ती बसली होती, कारखान्यांच्या भिंती वर येत होत्या, आणि वर्कशॉपातले दोन-चार कारागीर मोंबासाच्या बाजूला जाऊन राहिले होते. मुंबईच्या एजंटाने तात्यांचं काम एकदा बघितलं होतं. पासपोर्ट आला की साहेबासमोर पक्की परीक्षा, मग बोट. तात्यांपेक्षा आईलाच जायची घाई होती. तिला आफ्रिकेचं काही माहीत नव्हतं. मधे समुद्र आहे आणि बैलगाडी समुद्रातून येत नाही, एवढं तिला माहीत होतं. पाच वर्षं झाली तरी रस्त्यावर गाडीची चाकं वाजली की तिचा हात कढईवर थांबायचा.

अर्ज इंग्रजीत होता. पुण्याला कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन एक म्हातारे कारकून बसायचे, ते तो भरून देत. आम्ही तिघं त्यांच्यासमोर उकिडवे बसलो. त्यांनी विचारलं, मुलं किती? तात्या म्हणाले, एक, मुलगी. बापाचं नाव? तात्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. सांगताना ते अडखळले नाहीत की त्यांनी आईकडे बघितलं नाही. त्यात लबाडी आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. चार लोकांत बोललेलं होतं, तेच कागदावर घातलं.

मग चौकशीला हवालदार आला. कोपऱ्यावर चाचांचं किराणा दुकान होतं. मुसलमान म्हातारा, गल्लीतल्या प्रत्येकाचं भलं चिंतणारा. हवालदाराने त्यांना तात्या कसा माणूस आहे म्हणून विचारलं. चाचांनी तोंड भरून कौतुक केलं. "काय सांगू साहेब, सख्खा बाप करणार न्हाई एवढं करतो त्या पोरीचं." हवालदाराने वहीतून मान वर केली. मी तिथेच साखर बांधून घेत उभी होते. चाचांचा चेहरा कसा पांढरा पडत गेला ते मी पाहिलं, आणि त्या भल्या माणसाची दाढी उपटावी अशी तिडीक माझ्या डोक्यात गेली.

तात्यांना चौकीवर बोलावलं. खोटं लिहिलंस, आत जाशील, असा दम भरला. कारकुनांनी दोन वाटा सांगितल्या. मुलीचं नाव अर्जातून काढा, म्हणजे दोघांचा पासपोर्ट लवकर होईल. नाहीतर नवा अर्ज करा, त्यात सावत्र मुलगी असं खरं लिहा आणि सोबत जन्मदात्या बापाची संमती आणा, साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराबाहेर राखेने भांडी घासत होते. आत आई बोलत होती. ती हळू बोलत होती, पण आमची खोली ती केवढी.

"नाव काढा तिचं. वर्सभर ऱ्हाईल दादाकडं. मग बोलावून घेऊ."

"कोण बोलावून देतंय? एकदा कागदात न्हाई म्हटलं की न्हाई."

"त्याच्या दारात जाऊ नका तुमी. तुमाला ठावं न्हाई त्यो मानूस."

"पोर टाकून मी बोटीत बसनार न्हाई," तात्या म्हणाले.

माझ्या हातातला तांब्या मी भिंतीवर फेकला. त्याला पोचा पडला. दोघं बाहेर आले, आणि आईला कळलं की मी ऐकलंय. तो तांब्या तिने उचलला आणि पदराने पुसत बसली.

चाकणच्या बाजाराच्या दिवशी तात्या निघाले. मलाही घ्यावं लागलं, कारण संमतीच्या कागदावर मुलगी समक्ष असल्याचं लिहायचं होतं. आईला त्यांनी येऊ दिलं नाही. खिशात घडी केलेला कागद, शाईची चपटी डबी, आणि सोबतीला मामा.

बाजाराच्या कडेला गाड्या सोडलेल्या होत्या, तिथे बाप बैलांना वैरण घालत होता. त्याने मला ओळखलं नाही. मी आईसारखी दिसते असं नंतर म्हणाला, तेही थुंकून. तात्यांनी हात जोडून सगळं सांगितलं. बाप ऐकत होता, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. शेवटी म्हणाला, "देतो अंगठा. पैका नको मला. आधी पाठ दे."

ही आमच्या जातीतली जुनी रीत. दुसऱ्याच्या बायकोशी पाट लावणाऱ्याने तिच्या पहिल्या नवऱ्यापुढे पाठ वाकवायची, आणि त्याने त्या पाठीला पाच वेळा जोडा नुसता टेकवायचा. मग दोघांनी पान खायचं आणि वैर संपवायचं. काडीमोडीच्या वेळी तात्यांचा पत्ताच नव्हता आणि पाटाला बापाला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ते राहून गेलं होतं. बाजाराला आलेले दोन पंच तिथेच होते. त्यांना हे रास्त वाटलं. एक जण हसून म्हणाला, "वाका पाव्हणं. शिवायचं असतंय, मारायचं नसतंय. घटकाभरात मोकळं व्हाल."

तात्यांनी सदरा काढला, नीट घडी घालून मामाकडे दिला आणि गाडीच्या कठड्याला हात टेकून वाकले. बापाने पायातला जोडा काढला. तो हातात तोलला, आणि टाकून दिला. गाडीत जुवाची कातडी वादी पडली होती, दोन बोटं जाड, टोकाला लोखंडी कडी असलेली. ती उचलून त्याने पहिला फटका मारला.

तो आवाज मला माहीत होता. चार वर्षांची असताना ऐकलेला आवाजही माणूस विसरत नाही. तात्यांच्या पाठीवर पांढरी रेघ उठली आणि बघता बघता लाल झाली. पंच म्हणाले, "अरं, हे काय?" पण कुणी पुढे आलं नाही. "रीत हाय का न्हाई?" बाप म्हणाला आणि दुसरा मारला. कडी बरगडीवर बसली, कातडी फाटली. मामा धावला, त्याला शेजारच्या गाडीवरून उतरलेल्या बापाच्या भावाने छातीवर गुडघा देऊन खाली दाबला. तात्या वाकलेलेच म्हणाले, "कुनी मधी पडू नका." तिसऱ्याला ते गुडघ्यावर आले. पुन्हा उठून वाकले. रक्त कमरेपर्यंत येऊन धोतरात मुरत होतं.

चौथ्यासाठी त्याने हात मागे नेला तेव्हा मी त्याच्या मनगटाला दात लावले. लहान पोर रडत चावते तसं नाही. मला त्याचा हात तोडायचा होता. खारट लागलं, दाताखाली काहीतरी सरकलं, तरी मी सोडलं नाही. त्याने मला केसांना धरून झटकलं, मी गाडीच्या चाकावर आपटले आणि त्याच झटक्यात वादी खाली आली. पाठीवर पडायची ती कठड्यावर टेकलेल्या हातावर पडली. तात्यांचा उजवा हात. कडीने दोन बोटांची हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तोपर्यंत तात्या ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले.

मग पंचांतला मोठा म्हणाला, "पोर मधी आली. आता बास." बाप म्हणाला, "पाच म्हंजी पाच." मनगट त्याने छातीशी धरलं होतं, त्यातून रक्त गळत होतं. आणि तात्या, लोंबणारा हात पोटाशी धरून, पुन्हा वळून वाकले. त्या माणसाने पाचवा मारला. सगळा जोर लावून मारला. मग शाईच्या डबीत अंगठा बुडवून कागदावर उमटवला आणि बैलांकडे निघून गेला.

पान कुणी खाल्लं नाही.

हाडवैद्याने बोटं बांबूच्या कामट्यांत बांधली. सुटली तेव्हा दोन बोटं वाकडी होती आणि मिटत नव्हती. पासपोर्ट आला. त्यात माझं नाव होतं, आणि आईने मला ते तीनदा दाखवायला लावलं. पुढच्याच महिन्यात तात्या मुंबईला परीक्षेला गेले. साहेबाने त्यांना कानस दिली आणि लोखंडाचा तुकडा घासून खाचेत बसवायला सांगितला. मिस्त्री म्हणून जे काम ते झोपेत करतील, ते त्यांच्या हातून झालं नाही. कानस दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा साहेबानेच उचलून बाजूला ठेवली.

ते दुपारी परतले. दारात उभं राहून एवढंच म्हणाले, "न्हाई जमलं."

आई चुलीशी होती. उठली, माझी वेणी धरून मला ओढलं आणि फुकणीने मारायला लागली. पाठ, खांदे, दंड, लागेल तिथे. "तुझं नाव काढलं असतं तर गेलो असतो. कुनी चावाया सांगितलं हुतं तुला? कुनी?" तिच्या मारात बापाच्या मारासारखीच लय होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी रडले नाही. मी म्हणाले, "काढायचं हुतं मग. ठिवून जायचं हुतं मला." तिने आणखी एक मारली.

तात्यांनी डाव्या हाताने फुकणी धरली. "सोड," ते म्हणाले. "आता अजून कुनाची हाडं मोडायची ऱ्हायलीत?"

आईने फुकणी सोडली. भिंतीला टेकून खाली बसली. "मला भ्या वाटतंय वो," ती म्हणाली. "आपलं ठिकान कळलं त्याला. आता त्यो येनार." संमतीच्या कागदावर आमचा पत्ता होता आणि तो बापासमोर वाचून दाखवला होता.

तिला तेव्हा किती राग आला असेल आणि किती भीती वाटली असेल, हे मला स्वतःची मुलं झाल्यावर कळलं. त्या दिवशी मला फक्त ती मला टाकून जायला तयार झाली होती एवढंच कळत होतं, आणि त्यासाठी मी तिचा जीव घेतला असता. मी उठून मामाकडे निघायला गेले. उठता आलं नाही. फुकणी तिने सोडली होती, वेणी सोडली नव्हती. मुठीला दोन वेढे देऊन ती तशीच बसून होती, डोळे दाराकडे लावून. वर्कशॉपाचा भोंगा झाला, गल्लीत माणसं परतू लागली, चूल विझली, तरी तिची मूठ सैल पडली नाही. माझी मान दुखत होती. मी तिला सोड म्हणाले नाही.