जंतूंचं गाव कुठलं?

परळच्या आमच्या लॅबमध्ये फ्रीज कमी आणि किस्से जास्त. जंतू बिचारे लेबल लावून कप्प्यात गप्प बसतात. किस्से मात्र चहाच्या वेळी आपोआप बाहेर येतात.

एकदा कॉलेजची मुलं लॅब बघायला आली. मी डीएनए, जेल, जेलवर उमटणाऱ्या त्याच्या पट्ट्या असं बराच वेळ सांगत होते आणि मुलं जांभया देत होती. शेवटी माझा सहकारी परब मध्ये पडला. तो काळाचौकीचा, पक्का मालवणी.

"साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू म्हणजे सावंत समजा! कोकणात नुसतं सावंत सांगून भागतं का? लगेच विचारतात, 'खंयचे सावंत? गाव कुठला?' तसंच हे. डीएनएच्या पट्ट्या जुळल्या तर जंतू एका गावचे, नाहीतर नुसतं आडनाव एक!"

मुलं हसली आणि मी निमूटपणे चहा सांगितला.

*

याच परबच्या जेलवर एकदा सगळ्या पेशंटच्या पट्ट्या हुबेहूब सारख्या आल्या. दादरचा, भायखळ्याचा, कॉटन ग्रीनचा, सगळे एकच! परब नाचायचाच बाकी होता. "मॅडम, मोठी साथ!"

आमच्या हेड कर्णिक मॅडम, गिरगावच्या. त्यांनी चष्मा पुसून जेलचा फोटो पाहिला. तुलनेसाठी ठेवलेला आमचाच जंतू सगळ्या नमुन्यांत शिरला होता.

"परब, साथ मुंबईत नाही, तुझ्या पिपेटमध्ये आहे!"

*

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो. एका वर्षी परबनं पीसीआर मशीनला झेंडूचा भलामोठा हार घातला. पाकळ्या पंख्यात गेल्या आणि मशीन किंचाळायला लागलं.

परब हात जोडून म्हणाला, "देवानं हार घेतला!"

मॅडम म्हणाल्या, "आणि वॉरंटी पण!"

*

मॅडम लग्नात कोशिंबीर कधीच खात नाहीत. दादरच्या एका लग्नात यजमानीणबाई हट्टालाच पेटल्या. "थोडी तरी घ्या हो!"

"घेते की," मॅडम म्हणाल्या, "नमुन्याची डबी आणलीय."

*

आता परबच्या आईचा किस्सा. त्यांच्या चाळीतल्या मंडळाच्या सत्यनारायणाचा शिरा वर्षानुवर्षं आईच करायच्या. गेल्या वर्षी पूजेनंतर अर्धी चाळ जुलाबांनी आडवी झाली. मंडळाच्या सेक्रेटरीनं चारचौघांत सांगून टाकलं, "काकींचं वय झालं. यापुढे शिरा बाहेरून."

आईंनी शिऱ्याचं मोठं पातेलं माळ्यावर टाकलं.

नमुने आमच्याकडेच आले. मॅडमनी परबला त्यांना हात लावू दिला नाही, काम माझ्यावर सोपवलं. पेशंटमध्ये साल्मोनेला निघाला. शिऱ्यात काही नव्हतं. पण शिरा करणाऱ्या म्हणून आईंचीही तपासणी झाली आणि तिच्यातही साल्मोनेला निघाला! परबचा चेहरा बघवेना. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

मग टायपिंग, म्हणजे जंतूंच्या पट्ट्या जुळवून बघायचं काम, लावलं. जेलचा फोटो आला तसा मॅडमनी परबला आत बोलावलं. पेशंटच्या पट्ट्या सगळ्या सारख्या होत्या आणि आईंच्या साफ वेगळ्या. पेशंटच्या पट्ट्या जुळल्या त्या पूजेला वाटलेल्या पियूषमधल्या जंतूशी. ते पियूष सेक्रेटरीनं स्वतः हौसेनं घरी बनवून आणलं होतं!

परब रडला आणि त्याच्यासोबत मीही. मॅडमनी नाक पुसत बजावलं, "पण आईंचा रिपोर्ट क्लीन येईपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुणासाठी रांधायचं नाही."

यथावकाश तोही क्लीन आला. त्या संध्याकाळी मी परबकडे गेले, तर सेक्रेटरी नारळ घेऊन दारात उभा. मान खाली. "काकी, चुकलंच. शिरा तुमचाच हवा."

आईंनी नारळ घेतला, परबला माळ्यावरून पातेलं काढायला लावलं आणि ते पुसायला बसल्या. परबनं त्यांना पुन्हा एकदा सगळं समजावलं. पेशंटचे जंतू पियूषमधले होते, तुझे वेगळे होते, तुझ्यामुळे कुणीच आजारी पडलं नाही.

आईंनी पातेलं पुसत ऐकून घेतलं. मग हात थांबवून म्हणाल्या,

"ता सगळा खरा रे. पण माझे ते खंयचे?"