होडीचं लाकूड
होडीचं लाकूड मीच संपवलं होतं, आणि मित्राला ते सांगितलं नव्हतं. पेणच्या बाजारात लाकडी चमचे दिसले की मला रोह्याचा तो सायबर कॅफे आठवतो, तापलेल्या मॉनिटरचा वास, आणि काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांनी चालणारा ऑनलाइन खेळ. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कंपनीत आमच्या शिफ्ट वेगळ्या, म्हणून आम्ही दोघं एकाच खात्यावर आळीपाळीनं खेळायचो. आमचा खेळातला सुतार होडी बांधण्याइतका तयार झाला नव्हता, तरी मित्र तिच्यासाठी लाकूड साठवत होता. त्याच्या वडिलांची खाडीतली होडी विकली गेली होती, आणि दुबईला नोकरीला जाण्याआधी त्याला पडद्यावर तरी एक होडी पाण्यात सोडायची होती. "आधी वल्ही करू, सावकाश शिकू," तो म्हणायचा. मला घाई होती. वल्हं करा की चमचा, कसब सारखंच वाढायचं आणि चमच्याला लाकूड कमी लागायचं. वाढते आकडे बघत मी एका दुपारी चमचेच करत राहिलो. कसब होडीपुरतं झालं, पण लाकूड उरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "एवढं चमचं? कुणाचं लगीन हाय काय रं?" मी म्हणालो, "तू खातं उघडं ठेवून गेलास, कुणीतरी बसलं असेल." तो म्हणाला, "माझीच चूक. तुझी पण मेहनत गेली, माफ कर." होडी न सोडताच तो दुबईला गेला. परवा तो सुट्टीवर आला, तेव्हा कासू स्टेशनच्या बाकावर मी त्याला म्हणालो, "चमचे मी केले होते. माफी मी मागायला हवी होती. माफ कर मला."