शेडमधला दिवा

माझे बाबा, अनंत सावे, तीस वर्षं सायली गावातल्या एका कारखान्यात वायरमन होते. दुसऱ्याच्या जोडणीत चूक दिसली की ते भडकायचे. पण अथालला आमचं घर बांधलं तेव्हा त्यांच्याच हातून घोळ झाला. स्वयंपाकघरातलं एक बटण दाबलं की परसातल्या त्यांच्या शेडमधला दिवा लागायचा. ते लगेच दुरुस्त करायला निघाले, पण आईने बोर्डाला हातच लावू दिला नाही.

"राहू द्या. मला हाका मारत बसायला नको."

तेव्हापासून दिवा एकदा लुकलुकला की चहा, दोनदा लुकलुकला की जेवण, आणि तीनदा म्हणजे पाहुणे आलेत, शर्ट घालून या.

निवृत्तीनंतर आई बाजारात गेली की बाबा काहीतरी खुडबुड करत असत. परवा दुपारी तिने जेवणासाठी बटण दोनदा दाबलं. तोच तिच्या डोक्यावर एक नवा लाल दिवा दोनदा लुकलुकला. शेडमधून बाबांनी उत्तर दिलं होतं!

आई हसत सुटली. मग खिडकीतून ओरडली, "अहो, उत्तरं कसली देताय? भाकऱ्या गार होतायत!"

त्या खिडकीतून बाबांना गेलेली ती पहिली हाक.