बाबांना तहान लागत नाही

मी इंग्लंडला निघाले त्या दुपारी बाबा टॅक्सीच्या खिडकीशी पाण्याचा गिलास घेऊन उभे होते. "पेऊन निघ वं, ऊन आहे." मला उशिराची धास्ती, म्हटलं विमानतळावर घेईन. मग त्यांनी तोच गिलास टॅक्सीवाल्यापुढे धरला आणि तो एका दमात प्यायला तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. "माह्यासाठी काहून थांबून राहिली?" हे त्यांनी महिनाभर ऐकवलं होतं, म्हणून निघाले. खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं.

कोराडीच्या कॉलनीत आमच्या दारावरून कुणी पाण्याविना गेलं नाही, सिलिंडरवाला असो की पत्ता चुकलेला माणूस. स्वतः बाबांनी मात्र घरात कधी पाणी मागितलं नाही. आई मागायची वेळच येऊ देत नसे. वीजकेंद्रातली राख अंगावर घेऊन ते फाटकात स्कूटर बंद करायचे, तोवर ती दारात गिलास घेऊन हजर. एवढा लाड बरा नाही हे मला तेव्हाही वाटायचं. आता शेजारच्या काकूंकडून डबा येतो. डब्यात पोळी-भाजी येते, पाणी येत नाही.

इथे मी म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नर्स आहे. कोरडेपणाचे इंग्रजी शब्द मी पुस्तकात वाचले होते, त्यांचे अर्थ इथे कळले. थर्स्टी म्हणजे तहानलेला, तो माणूस स्वतः सांगतो. पार्च्ड म्हणजे मुळात उन्हाने भाजून भेगाळलेलं. पहिल्याच आठवड्यात एक आजी म्हणाल्या, मी पार्च्ड आहे. मी बीपीचं मशीन घेऊन धावले, तर त्यांना चहा हवा होता आणि खिडकीबाहेर पाऊस पडत होता. ज्यांनी मे महिन्यातलं नागपूर पाहिलेलं नाही त्यांना असे शब्द उधळायला परवडतात, असं मनात आलं. डिहायड्रेटेड या शब्दाची मात्र मला भीती वाटते. तो बहुतेक वेळा दुसऱ्यानेच बघून लिहावा लागतो. सुकलेले ओठ, जड झालेली जीभ, बोलण्यात गोंधळ. म्हातारपणी तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे माणूस जराही थर्स्टी नसताना डिहायड्रेटेड असू शकतो. म्हणून प्रत्येकाच्या खाटेशी फ्लुइड चार्ट असतो आणि कुणी किती घोट घेतले ते मी लिहिते. परक्यांच्या आईवडिलांचे घोट मला तोंडपाठ आहेत.

गेल्या मे महिन्यात एकदा सकाळच्या ब्रेकमध्ये बाबांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपारचे दोन. पाणी प्यायलात का विचारलं, तर म्हणाले, "कूलरमध्ये दोन बादल्या टाकल्या ना." कूलरची तहान त्यांना बरोबर कळते.

"आणि तुम्ही?"

"मले नाही लागत तहान, सुमन."

सुमन माझ्या आईचं नाव. बाबांचे ओठ पांढरे दिसत होते, शब्द जिभेला चिकटत होते. घाईघाईने काकूंना फोन लावला, तर त्या खाप्याला लग्नाला गेलेल्या. निघते म्हणाल्या, पण पोचायला वेळ लागणार. मी बाबांना दरडावलं, उठा, पाणी प्या. "पेतो ना, घाई काय आहे," म्हणाले आणि रुसल्यासारखे बसून राहिले. माझं सगळं नर्सिंग फोनच्या त्या चार इंचाच्या काचेअलीकडे. मला रडू फुटलं आणि तोंडातून आलं, "बाबा, मले तहान लागली."

ते तडक उठले. खुर्ची रिकामी दिसत होती आणि आतून माठाचं झाकण वाजलं. भिंतीला हात लावत ते आले आणि भरलेला गिलास फोनसमोर धरून उभे राहिले.

"घे ना वं."

"तुम्ही प्या, बाबा. मी पाहून राहिली."

थोडा वेळ ते गिलासाकडेच बघत राहिले, मग प्यायले. "अजून आणू?" म्हणाले. मी म्हटलं, आणा, मीठ-साखर टाकून आणा. काकू पोचेपर्यंत मी घोटाघोटाने पाजत राहिले. संध्याकाळी डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि रात्री बाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले ते विचारतात, घराची आठवण येते का. जे तिकडेच राहिले ते विचारतात, परत कधी येणार. मी रोज साडेनऊच्या ब्रेकला फोन लावते, पाण्याची बाटली कॅमेऱ्यापासून दूर सारते आणि म्हणते, बाबा, मले तहान लागली. घर म्हणजे आता त्यानंतरचे तेवढे क्षण, ते खुर्चीतून उठतात की नाही हे बघण्याचे.